अखेरच्या आजारातील शुश्रूषा : पारख कोणत्या कसोटीवर करावी?

आपल्या एका शाखेतील वृद्ध यंत्रमाग कामगार साथी गेल्या वर्षी घशाच्या कर्करोगाने वारले. 'आता आमच्याकडे करण्यासारखे काही उरलेले नाही, घरी घेऊन जा' असे रुग्णालयाने सांगितल्यावर त्यांच्या घरच्यांनी शाखेकडे एकच विचारणा केली : यांना शेवटचे काही आठवडे कोठे ठेवावे? चाळीस वर्षे ज्या माणसाने युनियनची वर्गणी गोळा केली, संपात लाठ्या खाल्ल्या, त्याच्या बाबतीतील या साध्या प्रश्नाला शाखेपाशी उत्तर नव्हते. कोणी एका ट्रस्टचे नाव सुचविले, कोणी जाहिरातीतील पत्ता आणून दिला. शेवटी जी संस्था निवडली गेली तिची इमारत देखणी होती, फरशी चकचकीत होती, दर्शनी भागात संगमरवरी देवघर होते. रात्री मात्र वीसएक रुग्णांमागे एक मुलगी असे, आणि तीही प्रशिक्षित परिचारिका नव्हे. दोन आठवड्यांच्या आत त्यांच्या पाठीला हाताच्या पंजाएवढी जखम झाली. त्यांच्या पत्नी नंतर शाखेच्या कार्यालयात येऊन म्हणाल्या, "दादा, गिरणीत तपासणी करायला साहेब आला की त्याला काय काय दाखवायचं, हे तुम्ही आम्हांला शिकवलंत. इथं काय बघायचं, ते मात्र कुणीच सांगितलं नाही."

ही तक्रार रास्त आहे. तिचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

मरणासन्न माणसाची शुश्रूषा हा दानधर्माचा विषय, त्यात पक्षाने काय लक्ष घालायचे, अशी एक समजूत आपल्यातही रुजलेली आहे. ती मुळातच चूक आहे. भांडवलदारी व्यवस्थेला कामगाराच्या शरीरात रस असतो तो त्याच्या श्रमशक्तीपुरता. तो बरा होऊन यंत्रावर परत उभा राहणार असेल तर त्याच्या औषधपाण्यावर थोडाफार खर्च करणे तिला परवडते. तो बरा होणार नाही हे एकदा निश्चित झाले की या हिशेबातून त्याचे नाव खोडले जाते. श्रीमंत रुग्णाची गोष्ट वेगळी. तो अखेरच्या श्वासापर्यंत गिऱ्हाईक असतो, म्हणून त्याला अतिदक्षता विभागात नळ्या लावून ठेवले जाते आणि दररोजचे बिल वाढत जाते. एकाच शहरात दोन प्रकारचे मरण आपण पाहतो. परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेर पदपथावर गोणपाट अंथरून पडलेली बिहारची, विदर्भाची, खानदेशाची कुटुंबे एकीकडे. आणि दुसरीकडे घरातील माणसाला शेवटची भेट काचेतून घ्यावी लागणारे मध्यमवर्गीय, ज्यांचे घर त्या आठ दिवसांत गहाण पडते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने पहिल्या प्रकारच्या लोकांना वर्षानुवर्षे छप्पर दिले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. पण ज्या कामासाठी शासन असते ते काम धर्मशाळेला करावे लागते, याचाच अर्थ काय तो आपण समजून घ्यावा.

करुणा आणि मॉर्फिन

दुर्धर रुग्णाच्या वेदनेवर शास्त्रीय पद्धतीने उपचार करता येतात, ही गोष्ट तशी अलीकडची. सिसिली साँडर्स या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे हॉस्पिस सुरू केले. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयीन समाजसेविका झाल्या आणि नंतर डॉक्टर. वेदना केवळ शरीराची नसते. पैशाची विवंचना, मुलाबाळांची काळजी, एकटेपणा हे सारे त्या वेदनेत मिसळलेले असते, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. त्या श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. तरी त्यांच्या या मांडणीत भौतिकवाद्याने नाकारावे असे काही नाही. भारतातील पहिले हॉस्पिस १९८६ साली मुंबईत वांद्र्याला निघाले, ते शांती अवेदना. कर्करोगाच्या रुग्णांची तेथे विनामूल्य सेवा होते आणि ती सेवा जोगिणी करतात. याचे श्रेय देताना हात आखडता घेण्याचे कारण नाही.

पण कोणी सेवा विनामूल्य करतो, भक्तिभावाने करतो, एवढ्यावरून ती सेवा चांगली ठरत नाही. या बाबतीत कलकत्त्याचे उदाहरण बोलके आहे. मदर तेरेसांनी १९५२ साली कालीघाटला निर्मल हृदय हे मरणोन्मुखांचे घर उघडले. जगभर त्याची कीर्ती झाली. १९९४ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाचे संपादक रॉबिन फॉक्स ते पाहून आले आणि त्यांनी आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. स्वच्छता, जखमांची काळजी आणि ममता यांची त्यांनी वाखाणणी केली. त्याचबरोबर त्यांनी हेही नोंदविले की निदानाची पद्धतशीर व्यवस्था नाही, बरा होऊ शकणारा आणि न होऊ शकणारा असा भेद केला जात नाही, आणि तीव्र वेदनेवरील प्रभावी औषधे तेथे नाहीत. यातील शेवटची बाब सर्वांत गंभीर होय. ज्याच्या हाडांत कर्करोग पसरला आहे त्याच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणणे आणि त्याला मॉर्फिन न देणे, याला करुणा म्हणता येणार नाही. दुःख पवित्र आहे असे मानणाऱ्या तत्त्वज्ञानाची बिले नेहमी गरिबाच्या शरीरावर फाडली जातात.

म्हणून पहिली कसोटी ही : त्या संस्थेपाशी तोंडाने घेण्याचे मॉर्फिन आहे काय? महिन्याचे तीसही दिवस असते काय? साध्या गोळीचा परिणाम साधारणपणे चार तास टिकतो. म्हणून ती घड्याळाप्रमाणे द्यावी लागते, रुग्ण ओरडू लागल्यावर नव्हे. रात्रीच्या वेळची सोयही आधीच करून ठेवावी लागते. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो, त्यामुळे सोबत जुलाबाचे औषध लिहून दिलेले आहे की नाही, एवढ्या एका गोष्टीवरूनही डॉक्टरला हे काम येते की नाही ते कळते. शिवाय साधी गोळी स्वस्त असते. तिच्यात कोणाला फारसा नफा नाही, आणि नेमक्या याच कारणाने पुष्कळ ठिकाणी ती मिळत नाही. त्याऐवजी कातडीवर चिकटवायच्या महाग पट्ट्या पुढे केल्या जातात. पट्टीला विरोध नाही. ज्याला गिळताच येत नाही त्याला ती उपयोगी पडते. परंतु गिळता येणाऱ्याला गोळी नाकारून पट्टी विकणारा दुकानदार असतो, हे ओळखून असावे.

येथे आपल्या देशातील एका विसंगतीकडे लक्ष वेधले पाहिजे. मॉर्फिन ज्यापासून काढतात ती अफू आपल्याच मातीत पिकते. नीमच, मंदसौर, चितोडगड या भागांतील शेतकरी केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोच्या परवान्याने ती पिकवितात, आणि गाझीपूर व नीमच येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. इंदूर-उज्जैनकडील आपल्या मराठी भाषिक साथींना हे सारे डोळ्यांसमोरचे आहे. परवाना रद्द होण्याच्या भीतीखाली वावरणारा हा शेतकरी आणि त्याच तालुक्यात कर्करोगाने तळमळणारा शेतमजूर, यांच्यामध्ये कायद्याची भिंत उभी राहिली ती १९८५ साली. अमली पदार्थविरोधी कायदा संमत झाला तेव्हा त्यात तुरुंगाची भाषा होती. रुग्णाचा विचार नव्हता. मॉर्फिन जवळ बाळगायला एक, वाहतुकीला दुसरा, परराज्यातून आणायला तिसरा असे वेगवेगळ्या खात्यांचे परवाने लागत, आणि एकाची मुदत दुसरा हाती येईपर्यंत संपत असे. रुग्णालयांनी कंटाळून ते ठेवणेच सोडले. पुढील दहा-बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर पूर्वीच्या एकदशांशाहूनही खाली गेला. डॉक्टरांची एक संपूर्ण पिढी हे औषध हाताळायला न शिकता पदवी घेऊन बाहेर पडली. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेल्या दीर्घ प्रयत्नांनंतर २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. आता राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. तेव्हा 'कायद्याची अडचण आहे' असे जी संस्था आजही सांगते, ती एकतर अज्ञानी आहे किंवा तिला ती तसदी घ्यायची नाही. तिला मान्यताप्राप्त संस्थेचा कागद दाखवायला सांगावे. कागद नसेल तर पुढचे प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही.

पाठ पाहा, फरशी नव्हे

दुसरी कसोटी हातांची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. त्याला यंत्र नाही, गोळी नाही; लागतात ती माणसे. पाठीवर, माकडहाडावर, टाचांवर होणाऱ्या जखमा म्हणजे त्या संस्थेने माणसे किती आणि कोणत्या पगारावर ठेवली आहेत, याची रुग्णाच्या कातडीवर उमटलेली हजेरी होय. अगदी शेवटच्या दिवसांत काही जखमा उत्तम शुश्रूषेतही होतात, हे खरे; पण जेथे खोलीमागून खोलीत त्या दिसतात तेथे दुसरे स्पष्टीकरण शोधायला नको.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग यांचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा आठवावे. त्या स्वतः तेथील परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर अमानुष हल्ला झाला आणि मे २०१५ मध्ये निधन होईपर्यंत, सुमारे बेचाळीस वर्षे, त्या त्याच रुग्णालयात पडून होत्या. हे हॉस्पिसचे प्रकरण नव्हते, हे मान्य. दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिलेल्या निकालाची पुष्कळ चर्चा झाली. पण त्या खटल्यात न्यायालयापुढे आलेली एक माहिती त्या चर्चेत हरवली : इतकी वर्षे बिछान्यावर असूनही त्यांना एकही शय्याव्रण झाला नव्हता. हा विक्रम कोणत्या पंचतारांकित रुग्णालयाचा नाही. महापालिकेच्या, अपुऱ्या निधीच्या, गर्दीने फुटणाऱ्या रुग्णालयातील परिचारिकांचा आहे. १९८० च्या दशकात खाट रिकामी करण्यासाठी त्यांना हलविण्याचा बेत पालिकेने दोनदा केला, आणि परिचारिकांच्या विरोधामुळे दोन्ही वेळा तो सोडून द्यावा लागला. कायम नोकरी असलेल्या, संघटित असलेल्या, वरिष्ठांना 'नाही' म्हणू शकणाऱ्या परिचारिकांशिवाय हे शक्य झाले असते काय?

याच्या उलट चित्र खासगी ब्यूरोंचे. घरी आया किंवा 'मावशी' पाठविणारे हे ब्यूरो कुटुंबाकडून दिवसाचे पैसे घेतात आणि त्यातील मोठा वाटा स्वतःकडे ठेवून बारा तास राबणाऱ्या बाईच्या हातावर उरलेले टेकवितात. तिला ना प्रशिक्षण, ना रजा, ना आजारपणाची सोय. तिने रुग्णाला मायेने वागवावे अशी अपेक्षा आपण करतो आणि आश्चर्य असे की बहुधा ती वागवितेही. परंतु कामगारवर्गाच्या पक्षाने संस्थेची पारख करताना त्या बाईचा पगार विचारू नये, हे शोभणारे नाही. ज्या संस्थेत तुमच्या साथीची अंघोळ घालणारी बाई कंत्राटावर आहे आणि दर सहा महिन्यांनी बदलली जाते, तेथील सेवा चांगली राहणार नाही.

तोंडाच्या कर्करोगाच्या फुटलेल्या जखमेला येणारी दुर्गंधी हाही असाच प्रश्न. तंबाखू आणि बिडीच्या या देशात तो हजारो घरांत आहे. त्या वासामुळे माणसाला घराच्या पडवीत टाकले जाते, नातवंडे जवळ येत नाहीत, आणि तो आजाराच्या आधी लाजेने मरतो. मेट्रोनिडॅझोल या अत्यंत स्वस्त गोळीची पूड जखमेवर टाकली की वास पुष्कळच कमी होतो. ज्या संस्थेत हे माहीत आहे तेथे खोलीत शिरल्यावर नाकाला पदर लावावा लागत नाही. जेथे उदबत्त्यांचा धूर फार आहे तेथे जरा चौकशी करावी.

नफ्याचे हॉस्पिस कसे असते

हा व्यवसाय पूर्णपणे बाजाराच्या हाती दिला तर काय होते, हे पाहायला अमेरिकेकडे वळावे. तेथे १९८२ साली वृद्धांच्या सरकारी विमायोजनेत हॉस्पिसचा समावेश झाला. तत्पूर्वी ही चळवळ बहुतांशी स्वयंसेवकांची आणि धर्मादाय संस्थांची होती. सरकार रुग्णामागे दिवसाला ठराविक रक्कम देते. त्या दिवशी परिचारिका घरी गेली वा न गेली तरी रक्कम बहुतेक तीच. या एका नियमातून पुढचे सारे उद्भवले. जो रुग्ण हळूहळू, महिनोन्‌महिने मरतो आणि ज्याला कमी सेवा लागते तो फायद्याचा. कर्करोगाने झपाट्याने मरणारा, ज्याला रोज भेट आणि महाग औषधे लागतात, तो तोट्याचा. कंपन्यांनी निवड त्याप्रमाणे केली. आज तेथील सुमारे तीनचतुर्थांश हॉस्पिसे नफ्यासाठी चालतात. मोठमोठे गुंतवणूक निधी त्यांची खरेदी-विक्री करतात. २०१९ साली तेथील आरोग्यखात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालात, तपासणी झालेल्या हॉस्पिसांपैकी बहुसंख्य ठिकाणी त्रुटी आणि अनेक ठिकाणी गंभीर त्रुटी आढळल्याचे नमूद झाले. लॉस एंजेलिस परिसरात तर एकेका इमारतीच्या पत्त्यावर अनेक हॉस्पिसांचे परवाने निघाले. अखेर २०२२ साली कॅलिफोर्निया राज्याला नवे परवानेच थांबवावे लागले.

त्या देशात गुणवत्तेची मोजणी होत नव्हती असे मात्र नाही. ती भरपूर होत होती, आणि हीच ध्यानात घेण्याची गोष्ट आहे. वेदनेविषयी विचारले काय, इच्छा नोंदविल्या काय, अशा प्रश्नांपुढे खुणा करायच्या होत्या. जवळजवळ सर्वच संस्थांना जवळजवळ पूर्ण गुण मिळू लागले, म्हणजे परीक्षा निरुपयोगी झाली. त्यापेक्षा एक साधा प्रश्न अधिक उपयोगी ठरला : आयुष्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत परिचारिका प्रत्यक्ष घरी आली होती काय? घरच्यांचे अनुभव विचारले गेले तेव्हाही, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक पाहणीत, नफेखोर हॉस्पिसे सरासरीने मागेच दिसली. या सेवेत एक अडचण मूळचीच आहे. जो खरा साक्षीदार तो गेलेला असतो, आणि मागे राहिलेल्यांना दुःखाच्या भरात तक्रार करणे अप्रशस्त वाटते. नफेखोराला यापेक्षा सोयीचे गिऱ्हाईक कोठे मिळणार!

केरळ : अभिमान आणि आत्मटीका

'इकॉनॉमिस्ट' या भांडवलदारी साप्ताहिकाच्या संशोधन विभागाने २०१० साली मरणाच्या गुणवत्तेची देशवार क्रमवारी लावली तेव्हा चाळीस देशांत भारत चाळिसावा होता. २०१५ साली ऐंशी देशांत सदुसष्टावा. त्यांच्या मोजपट्टीविषयी आपले आक्षेप असू शकतात. पण त्यांनाही केरळचा वेगळा उल्लेख करावा लागला. १९९३ साली कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात एका छोट्या खोलीत सुरू झालेले काम पुढे मलप्पुरम आणि आसपासच्या गावांत पसरले, ते तेथील शिक्षक, हमाल, विद्यार्थी, गृहिणी यांनी उचलून धरले म्हणून. गावाने लहान लहान वर्गण्यांवर परिचारिका नेमली. रुग्णाच्या घरी तांदूळ आहे काय, मुले शाळेत जातात काय, हेही पाहिले जाऊ लागले. कारण भुकेल्या घरात मॉर्फिनची बाटली ठेवून शुश्रूषा पूर्ण होत नाही. २००८ साली डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने उपशामक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. ही जबाबदारी पंचायतींवर सोपविण्यात आली आणि घरोघरी जाणारी परिचारिका हा पंचायतीच्या कामाचा भाग झाला.

अभिमान बाळगावा असेच हे आहे. तथापि दोन गोष्टी बोलल्या पाहिजेत. या योजनेतील परिचारिका मोठ्या प्रमाणावर कंत्राटी राहिल्या. अवघड वस्त्यांत चालत जाऊन जखमा धुणाऱ्या या स्त्रियांना जे स्थैर्य मिळायला हवे ते डाव्या राजवटीतही पुरेसे मिळाले नाही. उत्तरेतील कंत्राटीकरणावर आपण लेख लिहितो. तोच मापदंड येथेही लावावा. दुसरी गोष्ट अशी की या कामाची लोकप्रियता पाहून राजकीय पक्ष, धार्मिक संघटना सर्वच आपापल्या फलकाखाली ते करू लागले. कण्णूरमध्ये पक्षाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या आय.आर.पी.सी.ने पुष्कळ कुटुंबांना आधार दिला आहे आणि त्याबद्दल आनंदच आहे. परंतु मरणासन्नाच्या दारात कोणाची गाडी आधी उभी राहते अशी चढाओढ लागली, तर तिचा उपसर्ग रुग्णालाच होतो. आपला स्वयंसेवक विरोधकाच्या घरीही तितक्याच सहज जातो काय, हीही एक कसोटीच.

महाराष्ट्रात आणि मराठी साथी जेथे जेथे आहेत त्या इतर राज्यांत चित्र विरळ आहे. केंद्राने २०१२ साली राष्ट्रीय उपशामक शुश्रूषा कार्यक्रम आखला. त्याला पैसा मात्र जेमतेमच लाभला. आयुष्मान भारतचा गाजावाजा फार, पण ती योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहे. ज्याला शेवटचा महिना आपल्या घरी, आपल्या माणसांत काढायचा आहे त्याच्या दाराशी ती पोचत नाही. आशा सेविकेकडून या रुग्णांची नोंद करून घ्यायची आणि तिला कामगार म्हणायचे नाही, हे तर चालूच आहे. जिल्हा रुग्णालयात मॉर्फिनची मान्यता आणि प्रत्यक्ष साठा, तालुक्यागणिक एक कायम परिचारिका आणि तिच्यासाठी वाहन, आशा सेविकांना किमान वेतन, या मागण्या आपल्या जिल्हा परिषद आणि नगरपालिका सभासदांनी अंदाजपत्रकाच्या वेळीच मांडल्या पाहिजेत; नंतरच्या निवेदनांना केराची टोपली ठरलेली असते.

तोवर शाखांनी एक काम ताबडतोब करण्यासारखे आहे. आपल्या भागात जी काही शुश्रूषागृहे, घरपोच सेवा देणाऱ्या संस्था आणि ब्यूरो असतील तेथे दोघा सभासदांनी जाऊन यावे, एकदा दुपारी आणि एकदा रात्री दहानंतर, न कळविता. मॉर्फिनचा कागद पाहावा. रात्रपाळीला कोण आहे ते पाहावे, तिच्याशी दोन शब्द बोलावे. परवानगी घेऊन एखाद्या रुग्णाशी आणि त्याच्या नातेवाइकाशी बोलावे. पैसे संपल्यावर रुग्णाचे काय करता, हे व्यवस्थापकाला सरळ विचारावे. त्याच्या उत्तरापेक्षा उत्तराला लागणारा वेळ पुष्कळ सांगून जातो. एड्सग्रस्त, एकटा, जातीने वा धर्माने 'वेगळा' अशांपैकी कोणाला नाकारले होते काय, हेही विचारावे. जे दिसेल ते तारखेसह एका वहीत लिहावे आणि ती वही शाखेच्या कार्यालयात सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी.

ज्या साथीचा उल्लेख आरंभी केला त्यांच्या पत्नीने आमच्या वहीचे पहिले पान स्वतः सांगून लिहवून घेतले. त्यात त्यांनी त्या मुलीविरुद्ध एक अक्षरही लिहू दिले नाही. "ती एकटी काय करणार होती," असे त्यांचे म्हणणे पडले, आणि वीस खाटांचा तो आकडा मात्र त्यांनी दोनदा वाचून खात्री करून घेतला.